परदेशी पोचलेलं आईचं स्वयंपाकाचं पुस्तक : तुमचा अनुभव सांगा

मागच्या शनिवारी गणपतीच्या तयारीला आम्ही चौघी आमच्या घरी, आइंडहोवनला, जमलो होतो. ओट्यावर माझं 'रुचिरा' उघडं पडलं होतं. एकीने ते उचललं, उकडीच्या मोदकांच्या पानावरचा तुपाचा डाग बोटाने चाचपला आणि म्हणाली, "माझं अजून साताऱ्यालाच आहे गं, माळ्यावर." मग तासभर नारळ खवायचे राहिले आणि आम्ही फक्त पुस्तकांबद्दल बोलत बसलो.

म्हणून हा धागा. देश सोडताना मागे राहिलेलं स्वयंपाकाचं पुस्तक किंवा वही पुन्हा तुमच्या हातात कशी आली, ते लिहा. छापील असो, हाताने लिहिलेली असो. सुरुवात मी करते.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. आमच्या घरातली प्रत आजीने आईला पहिल्या दिवाळसणाला दिली, १९७८ मध्ये. सगळी मापं वाटी-चमच्यात, त्यामुळे नव्याने संसाराला लागलेल्या मुलीला मोठाच आधार. आई त्यात स्वतःचंही लिहीत गेली. कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरात : "गूळ पाऊण वाटीच पुरे." "ताईच्या डोहाळजेवणाला केले, ४० पानं." "आच मंद, नाहीतर तळ लागतो." लहानपणी मला वाटायचं की हे सगळं पुस्तकात छापूनच आलंय.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या आणि त्यांत मुलीचे लोकरीचे कपडेच मावेनात. आई म्हणाली, "राहू दे, मी एप्रिलमध्ये येतेच आहे, तेव्हा आणते." २३ मार्च २०२० ला भारतातून परदेशी जाणारी विमानं बंद झाली. ती नियमित सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. त्या दोन वर्षांत दर रविवारी आई फोनवर पुस्तक वाचून दाखवायची. पान उलटल्याचा आवाज यायचा. फोटो पाठवायची, तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तिचा अंगठा. ते सगळे फोटो मी जपून ठेवलेत.

मे २०२२ मध्ये आई-बाबा आले. निघताना बॅग दीड किलो जास्त भरली म्हणून आईने थालीपिठाची भाजणी काढली आणि पुस्तक ठेवलं. जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं. मी घाईघाईने मोदकांचं पान उघडलं. कडेला पेन्सिलीच्या जुन्या ओळी होत्या आणि त्यांच्या खाली निळ्या पेनाने एक नवीन ओळ : "२०२१. फोनवर सांगितले. तिचे पहिल्यांदा जमले."

आता तुम्ही लिहा.

*

मेलबर्नहून

आमचं सामान न्हावा शेवाहून कंटेनरने आलं. कपडे, भांडी आली, पुस्तकांचा खोका मात्र तपासणीत अडकला. ऑस्ट्रेलियात बी, पान, लाकूड, माती ह्यांतलं काहीही बाहेरून येताना फार काटेकोरपणे बघतात, कारण त्यातून कीड आणि रोग इथल्या शेतीत शिरू शकतात. ते योग्यच आहे. पण आमच्या खोक्यात असं काय असणार, मला कळेना.

आजीची 'अन्नपूर्णा' होती त्यात, मंगला बर्वे यांची. आजीने कसर लागू नये म्हणून दर पाच-सहा पानांआड कडुलिंबाचा पाला घातला होता. तीसेक वर्षांपूर्वी घातलेला, पापडासारखा कुरकुरीत झालेला. मला त्याची इतकी सवय होती की सामान बांधताना ती "झाडाची पानं" आहेत हे डोक्यातच आलं नाही. पाला काढून नष्ट करायला मी संमती दिली आणि पुस्तक घरी आलं.

पाला गेला, पण त्याचे ठसे राहिले. श्रीखंडाच्या पानावर कडुलिंबाची एक पूर्ण डहाळी उमटली आहे, तपकिरी, दातेरी कडांसकट. नाक जवळ नेलं तर अजून कडवट वास येतो. माझ्या मुलाने त्या पानावर पातळ कागद ठेवून डहाळीचं चित्र काढलं आणि शाळेत नेलं.

इथे येणाऱ्यांना कळकळीने सांगते : पुस्तकं बांधण्याआधी एकेक उघडून झटका. मध्ये ठेवलेली फुलं, पिंपळपान, देवाचा अंगारा, तुळशीच्या मंजिऱ्या, सगळं आधीच काढून घरच्या माणसांकडे ठेवा. आणि फॉर्मवर खरं तेच लिहा.

*

अश्दोद, इस्राएलहून

माझी मराठी बोलण्यातली आहे, लिहिताना चुकलं तर समजून घ्या. आईवडील १९६४ साली मुंबईहून इकडे आले, माझा जन्म लोदचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ गाव अलिबागकडचं. आई एक वही मामाकडे ठाण्याला विसरून आली. ती तिच्या आईची वही. आई म्हणायची, "सगळं डोक्यात आहे माझ्या." होतंही. पण २००९ मध्ये आई गेली आणि त्या वर्षी नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, आम्ही तिघी बहिणी चिकाचा हलवा करायला बसलो, तर तिघींचं माप वेगळं.

दोन वर्षांनी मामेभाऊ इथे लग्नाला आला. त्याने पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. आजीचं अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एकेक शब्द जुळवत वाचायला मला सगळी संध्याकाळ लागली.

पण हलव्याचं माप होतं शेरात आणि तोळ्यात. "गहू अर्धा शेर." भारतात मेट्रिक वजनं १९५८ पासून यायला लागली आणि ही वही त्याच्या कितीतरी आधीची. आमच्या शेजारी मुंबईहून आलेले एक म्हातारे काका होते, त्यांनी तोंडी हिशेब करून दिला. ऐंशी तोळ्यांचा शेर, तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे शेर ९३३ ग्रॅमच्या आसपास आणि अर्धा शेर म्हणजे ४६५ ग्रॅम धरायचे. आम्ही काट्यावर मोजून गहू घेतले. तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला. त्यात नारळाचं दूध, कारण सणाला जेवणात मांस असतं आणि आमच्यात मांसाबरोबर दूध चालत नाही. मग ढवळणं. हात थांबला की गुठळी. दोन तास तिघी पाळीपाळीने ढवळत होतो. कडेने सुटायला लागला, ताटात ओतला, वर बदामाचे काप. मोठ्या बहिणीने पहिली वडी तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आईचा."

वहीच्या शेवटच्या पानावर आजीने लिहिलंय, "नारळ तीन. महाग असले तरी तीनच."

*

न्यू जर्सीहून

मी थोडक्यात लिहितो. आईचं पुस्तक २०१४ मध्ये आलं, पण त्याच्याबरोबर आईची वाटी नव्हती, आणि माझे सगळे पदार्थ बिघडायला लागले. इथला कप २४० मिलीचा. आईची वाटी मी नंतर मोजली तर १५० मिली भरली. शंकरपाळ्यात दूध, साखर, तूप एकेक वाटी घ्यायचं तर कप घेतला काय नि वाटी घेतली काय, प्रमाण तेच राहतं. फसतं ते चमच्याचं. डाळीचं पीठ कपाने घेतलं आणि सोडा-मीठ पुस्तकातल्या चमच्याने, म्हणजे पीठ दीडपटीहून जास्त आणि सोडा तेवढाच. ढोकळा फुगणार कसा? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग वाटी मागायची की!" वहिनी येताना घेऊन आली. काठाला पोचा आलेली, खाली वडिलांचं नाव कोरलेली स्टीलची वाटी. आता पुस्तकाशेजारीच ठेवतो.

*

नाशिकहून, पूर्वी कुवेत

माझं वय आता ७४. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही १९८४ पासून कुवेतला, सालमियात राहत होतो. २ ऑगस्ट १९९० ला पहाटे इराकी सैन्य शहरात शिरलं. सप्टेंबरात आम्ही निघालो, दोन मुलं आणि प्रत्येकी एक पिशवी. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, तिथे वाळवंटात तंबूत अकरा दिवस, शेवटी अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या काळात दीड लाखाहून जास्त भारतीय असे परत आले. पिशवीत कागदपत्रं, मुलांचे कपडे, पाणी, खजूर. सासूबाईंची पाककृतींची वही स्वयंपाकघरातल्या खणातच राहिली. सासूबाई १९८७ मध्ये गेल्या होत्या. मुंबईला उतरल्यावर नवऱ्याने विचारलं, "आईची वही घेतलीस ना?" मी काहीच बोलू शकले नाही.

१९९२ च्या जानेवारीत ह्यांना कामावर परत बोलावलं आणि मार्चमध्ये मी गेले. फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. फ्रीज, पंखे, गाद्या, नळसुद्धा काढून नेलेले. स्वयंपाकघराचा खण ओढला. चमचे गेले होते. वही होती. ती तिथे कुणाला वाचता येणार होती? म्हणूनच वाचली असावी.

वहीच्या कडा काळ्या झाल्या होत्या. जाताना सैन्याने सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या, त्या पूर्ण विझायला १९९१ चा नोव्हेंबर उजाडला होता. खिडकीची काच फुटलेली, त्यामुळे ती काजळी घरभर बसलेली. तेलकट काजळी, पुसायला जावं तर पसरते. मी फरशीवर बसून कोरड्या सुती फडक्याने एकेक पान टिपलं, घासलं नाही. शाई टिकली. तीन दिवस लागले.

त्या दिवाळीला अनारसे केले. तांदूळ तीन दिवस भिजवले, फडक्यावर पसरले, पण कुवेतची हवा इतकी कोरडी की ते बघता बघता खडखडीत झाले. ओलसर असतानाच कुटायला हवेत. पिठी नीट मिळाली नाही, म्हणून मी गूळ थोडा वाढवला आणि पहिला अनारसा तुपात सोडताच हसला, विरघळून सगळ्या कढईत पसरला. वही उघडली. सासूबाईंनी लिहिलं होतं : "हसले तर थोडी पिठी मळावी व एकच घालून बघावा. घाबरू नको."

सगळी वही "करावे, घालावे" अशी. फक्त तिथेच "घाबरू नको". त्या मला 'अगंतुगं'च करायच्या. कढई खाली उतरवून मी पोटभर रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग पिठी मळली आणि एकच घालून बघितला. जाळी पडली.

*

टोरोंटोहून

आमचा पुस्तकांचा खोका वाटेतच गहाळ झाला. सामान पोचवणाऱ्यांनी किलोच्या हिशेबाने भरपाई दिली आणि विषय संपवला. त्यात लग्नात मिळालेलं 'रुचिरा' होतं, सासूबाईंनी वीस वर्षं वापरून मला दिलेलं. नवीन प्रत मागवली, ती कोरी करकरीत. मला ती उघडवेना.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन टेबलाशी बसल्या. रोज दोन-चार पानं. आठवून आठवून कडेला लिहायच्या. कधी मला हाक मारायच्या, "अगं, चिरोट्याच्या पानावर आपण काय लिहिलं होतं?" मला आठवायचं ते मी सांगायची. काही जागा रिकाम्या राहिल्या, तिथे त्यांनी नवं लिहिलं, इथलं : "इथला मैदा जास्त पाणी पितो." "भोपळ्याच्या घारग्यांना बटरनट चालतो." हरवलेल्या पुस्तकात हे नव्हतं. पोस्टात, गोदामात कुठे कुणाला ते जुनं सापडलं तर मी आजही धावत जाईन. पण हेही पुस्तक आता घट्ट माझं आहे.

*

लंडनहून

आमच्या आईची 'रसचंद्रिका', सारस्वत महिला समाजाची, तिने १९८३ मध्ये इथल्या एका मैत्रिणीला उसनी दिली होती. मैत्रीण दुसऱ्या गावी गेली, पुस्तकही गेलं. पत्रोडे करताना आई दर श्रावणात त्याची आठवण काढायची. २०१८ मध्ये त्या मावशी गेल्या. त्यांच्या मुलीने घर आवरताना आतल्या पानावर आईचं नाव वाचलं आणि शोधत शोधत आमच्यापर्यंत पोचली. आई तेव्हा ८१ वर्षांची. पुस्तक हातात घेऊन तिने आधी पानं मोजली, मग त्या मुलीला जेवायला थांबवून घेतलं.

*

आइंडहोवनहून

मी तीच, जिचं साताऱ्याला आहे. हे सगळं वाचून काल भावाला फोन केला. तो रात्री साडेनऊला शिडी लावून माळ्यावर चढला. तांब्याच्या घंगाळात, आईच्या शालूखाली निघालं. मुखपृष्ठ नाही, पहिली काही पानं नाहीत, बाकीची आईने परकराच्या नाडीने बांधून ठेवली आहेत. मी त्याला म्हटलं, नाडी सोडू नकोस. त्याने तसंच काट्यावर ठेवलं, नऊशे ग्रॅम भरलं. दिवाळीआधी सातारा किंवा पुण्याहून कुणी इकडे येणार असेल तर कृपया कळवा. भाऊ घरपोच आणून देईल. नऊशे ग्रॅमच आहे.