शिक्का मारला की फिसकटतो, कुठली शाई घेऊ? (तातडीचं)

मैना_डोंबिवली: भाचीचं बारसं पुढच्या रविवारी. सत्तर पत्रिका हाताने करते म्हणून बहिणीला सांगून बसलेय. मोराचा शिक्का छान उठतो, पण काल रात्री मारलेला सकाळीही बोटाला लागतोय. चांगली शाई सांगा. महाग असली तरी चालेल, लगेच मिळायला हवी.

कागदवेडी: कागद कुठला? आत्ताची शाई कुठली? शिक्का रबरी की पारदर्शक?

मैना_डोंबिवली: कागद चांगलाच आहे, जाड. शाईचं विचारतेय ना मी!

पेठकर: जाड म्हणजे किती? पत्रिकेला २५० ते ३०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हवा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा.

मैना_डोंबिवली: डोंबिवलीहून?

पेठकर: मग क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीट. पण आमच्या चौकाची सर नाही.

सोपान_७१: हे बाजारू कागद सोडा आणि हातकागद घ्या. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून आहे. आमच्या लग्नाची पत्रिका हातकागदावरच होती.

कागदवेडी: काका, ती स्क्रीनप्रिंट असणार. खडबडीत कागदावर पिसाऱ्याच्या बारीक रेघा तुटतात. मैना, शाईचा रंग तरी सांगा.

मैना_डोंबिवली: सोनेरी. सांगायचं राहिलं का?

कागदवेडी: तिथेच घोडं अडलंय! सोनेरी शाई बहुतेक पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते. ती कागदात मुरून वाळते. कागद गुळगुळीत, चकचकीत आहे का?

मैना_डोंबिवली: हो, म्हणून तर घेतला. आयव्हरी म्हणाला दुकानदार.

खटपट्या: ओल्या शिक्क्यावर एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून ठसा उठावदार करणारी) टाका, जादाची झटका, हेअर ड्रायर फिरवा. झालं.

कागदवेडी: ड्रायरने पावडर उडते हो, वितळत नाही. हीट गनच लागते, ती ड्रायरपेक्षा खूप गरम हवा सोडते.

खटपट्या: माझी वितळली होती.

कागदवेडी: ड्रायर जपून ठेवा, दुर्मीळ आहे.

आजी_सांगलीच्या: आम्ही शाळेत भेंडी आडवी कापून ठसे मारायचो. काय सुरेख फुलं यायची! त्यासाठी भेंडी जरा जून घ्यावी.

खटपट्या: आजी, +१. आम्ही खोडरबर कोरायचो, त्यावरून मार खाल्लाय.

टोकदार: कडा सरळ यायला रोटरी कटर आणि कटिंग मॅट घ्या. कात्रीने कधीच सफाई येत नाही.

मैना_डोंबिवली: अहो, कडा सरळच आहेत! आज गुरुवार.

कागदवेडी: ऐका. कागदाच्या दोन्ही बाजूंवर पाण्याचा एकेक थेंब टाका. जिथे थेंब तसाच बसून राहील ती बाजू लेपवाली. पुष्कळ आयव्हरीला लेप एकाच बाजूला असतो. जिथे पाणी मुरेल तिथे शिक्का मारून बघा. नवीन काही घेऊ नका. दोन्हीकडे थेंब बसला, तरच पावडर आणि हीट गन.

सोपान_७१: हातकागदात हा प्रश्नच आला नसता.

मैना_डोंबिवली: मागची बाजू मुरवते! दुपारी मारलेला आत्ता बोट फिरवलं तरी हलत नाही. सोनेरी जरा फिका पडलाय, पण चालेल. आता अडचण अशी की तीस पत्रिका चकचकीत बाजू बाहेर ठेवून दुमडून झाल्यात. घडी उलटी केली तर पांढरी रेघ दिसते. तिच्यावर काय करू?

टोकदार: म्हणून म्हणत होतो, रोटरी कटर घ्या.