पाच वर्षांनी गाडी विकणं म्हणे शहाणपणाचं!

वंगण

परवा एकाने इथे, या गाड्यांच्या फोरमवर लिहिलं, "पाच वर्षं झाली की गाडी विका आणि नवी घ्या. त्यापुढे गाडी फक्त पैसे खाते. जुनी सांभाळत बसणारे एकतर चिक्कू, नाहीतर भावनिक." खाली पुष्कळांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही.

माझी गाडी तेराव्या वर्षात आहे. मीटरवर १ लाख ८७ हजार. पहिल्या दिवसापासूनची वही आहे माझ्याकडे. तेल कधी बदललं, पॅड कधी घातले, कुठला बल्ब गेला, सगळं त्यात आहे. तेरा वर्षांत मोठे खर्च तीनच निघाले आणि तिन्ही वेळा आधी एक छोटा खर्च मी टाळलेला होता.

त्यातला एक सांगतो. सातव्या वर्षी कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पातळी महिन्याला बोटभर उतरायला लागली. मी वरून पाणी ओतत राहिलो. गाडीखाली डाग नाही, म्हणजे गळती नाही अशी स्वतःची समजूत घातली. गळत होतं वॉटर पंपाच्या सीलमधून. थेंब गरम इंजिनावरच वाळायचा आणि मागे पांढुरका हिरवट थर तेवढा राहायचा. चार महिने हे चाललं. मग एका चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. गार झाल्यावर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पिवळट लगदा चिकटलेला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्या मधली सीलची पट्टी, गेलेलं. हेड उतरवा, घासून सपाट करा, पुन्हा बसवा. पंपाच्या दहापट गेले.

यात गाडीच्या वयाचा काय दोष? आणि नवी गाडी पहिल्या वर्षातच साधारण पाचवा हिस्सा किंमत घालवते. ते नुकसान कुठल्या बिलावर छापून येत नाही, म्हणून कोणी खर्चात धरत नाही.

रात्रपाळी

ते वाक्य माझंच. मागे घेत नाही.

माझी आधीची गाडी नऊ वर्षांची होती. रात्री अडीच वाजता आईला छातीत दुखायला लागलं. तिला मागच्या सीटवर झोपवलं, किल्ली फिरवली आणि नुसतं टक्... टक्... टक्. शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीतून नेलं. वीस मिनिटं गेली. आई वाचली, पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. त्या दिवशी ठरवलं, वॉरंटीबाहेरची गाडी दारात ठेवायची नाही. तुमच्या वहीत असा रकाना आहे का?

वंगण

आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं, मनापासून सांगतो. पण नुसतं टक् टक् म्हणजे बॅटरी उतरलेली. त्याआधी काही दिवस सेल्फ मंद फिरत नव्हता का? हेडलाइट आयडलिंगला पिवळे पडत नव्हते?

रात्रपाळी

फिरत होता मंद. दोन-तीन आठवडे. थंडीमुळे असेल असं वाटलं.

पाना१०

मी वीस वर्षं गाड्यांखाली पडून काम करतोय, म्हणून मध्ये बोलतो. साधा मल्टीमीटर जवळ ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ वर आली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नाही दिसले तर आल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र बघा, उगाच बॅटरी बदलू नका. आणि बॅटरी चौथ्या वर्षीही मरते. पाच वर्षांच्या आत गाडी विकणाऱ्यालाही ती अडीच वाजता दगा देऊ शकते.

आता माझं दुखणं. लोक तेलाबद्दल तासभर भांडतात आणि ब्रेक फ्लुइडचं नावही काढत नाहीत. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं फ्लुइड किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेल्यासाठी किमान १५५ अंश धरतात. लांब उतारावर ब्रेक तापले की ते आतच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीला टेकतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. माझ्याकडे आठ वर्षांचं काळं फ्लुइड घेऊन लोक येतात आणि टायरमध्ये नायट्रोजन भरून मागतात. अहो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो!

चौथागियर

बॅटरी, तेल, फ्लुइड सगळं ठीक आहे. पण गाडीचा सगळ्यात संतापजनक खर्च दंडाचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. मागच्या महिन्यात मला ५०ची वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर ५७ने गेल्याची पावती आली. सकाळची सातची वेळ, रस्ता रिकामा, माझा काटा ५५वर. मी काटा बघत होतो! बावीस वर्षांत एक अपघात नाही. लोक लाल सिग्नल तोडतात, मोबाइल कानाला लावून चालवतात, ते सुटतात. ७ किलोमीटरसाठी मी गुन्हेगार. ही सरळ वसुली आहे.

वंगण

मुद्दा दुरुस्तीचा होता हो.

झेब्रा

वसुली हा शब्द वाचला आणि गप्प बसवेना. माझा धाकटा भाऊ रस्ता ओलांडताना उडवला गेला. तोही रस्ता रिकामाच होता. चालवणाऱ्याने पोलिसांना सांगितलं, "थोडासाच जास्त होतो." भाऊ आज काठी घेऊन चालतो. सकाळी सातला मुलं शाळेला निघतात, दादा. रिकामा रस्ता कोणीतरी पाऊल टाकेपर्यंतच रिकामा असतो.

चौथागियर

ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तो माणूस ५७ने जात नसणार, ९०ने असेल. ५७ आणि ९० यांना एकाच तराजूत घालू नका.

मोजपट्टी

घालू नका, मान्य. पण ५० आणि ६० तरी नीट तोला.

दोन गाड्या शेजारी शेजारी, एक ५०ने, एक ६०ने. दोघांना एकाच क्षणी समोर माणूस दिसला. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोघांचा एक सेकंद गेला असं धरा. त्या सेकंदात पहिली गाडी १४ मीटर गेली, दुसरी जवळजवळ १७. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने पहिली आणखी साधारण १४ मीटरमध्ये थांबते, एकूण २८. त्याच जागी दुसरी अजून ४०च्या वेगात असते. थांबलेली नाही, थांबायच्या बेतातही नाही, ४०! ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून १० किलोमीटर जास्त म्हणजे ४४ टक्के जास्त ऊर्जा. टक्कर ज्या माणसाशी होते त्याच्यासाठी पहिली गाडी उभी आहे, दुसरी हाडं मोडते.

चौथागियर

कागदावर सगळं छान दिसतं. मी ६०ने नव्हतो. काटा ५५वर होता हे तिसऱ्यांदा सांगतो. यंत्र चुकत नाही का?

मोजपट्टी

यंत्र चुकतं. पण तुमचा काटा कुठल्या बाजूला चुकतो ते आधी बघा. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९, जो पुष्कळ देशांत लागू आहे, सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणून कंपन्या मीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. कंपनीतून आलेल्या गाडीत काटा ५५वर असेल तर खरा वेग ५५ किंवा त्याहून कमी. ५७ व्हायला नको. तेव्हा एकच प्रश्न. टायर कंपनीच्या मापाचे आहेत का?

चौथागियर

टायर नवे आहेत. त्याचा इथे काय संबंध?

मोजपट्टी

माप सांगा.

चौथागियर

आधी १९५/६५ आर १५ होते. आता २१५/६५ आर १५. रस्त्यावर पकड चांगली मिळते, गाडी भरदार दिसते. दुकानदार म्हणाला काही अडचण नाही.

पाना१०

हे वाचून कपाळाला हात लावला. पहिला आकडा रुंदीचा आणि टायरची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे रुंद टायर उंचही होतो. जुन्याचा व्यास साधारण साडेत्रेसष्ट सेंटिमीटर, नव्याचा ६६. चाक एका फेरीत ४ टक्के जास्त रस्ता कापतं आणि मीटर तर फेऱ्याच मोजतो. काट्यावर ५५ म्हणजे रस्त्यावर ५७ होऊ शकतात. वळणावर चाक पूर्ण फिरवून आत बघा, मडगार्डला घासल्याच्या खुणा असतील.

चौथागियर

मग जो मीटर मुळात जास्त दाखवतो तो ४ टक्क्यांनी बरोबर झाला असेल, चूक कसा होईल? सोयीचं तेवढंच गणित नका मांडू.

मोजपट्टी

हा प्रश्न रास्त आहे. काही गाड्यांचे मीटर खऱ्याच्या अगदी जवळ असतात, काही ५ टक्के पुढे. तुमचा कोणता ते घरी बसून सांगता येणार नाही. सरळ सपाट रस्ता बघा, काटा ५०वर स्थिर धरा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग वाचायला सांगा. स्वतः वाचू नका.

रात्रपाळी

दंडाचं निघालंच आहे तर माझंही ऐका. दंडाची रक्कम सगळ्यांना सारखी हाच अन्याय आहे. ज्याच्या पगाराचा मोठा तुकडा जातो त्याला धडा मिळतो आणि श्रीमंत माणूस ते पार्किंगचं भाडं समजून भरतो. फिनलंडमध्ये १९२१पासून उत्पन्नाच्या हिशोबाने दंड लावायची पद्धत आहे, मर्यादेच्या फार वर गेलं की वेगालाही तीच लागू होते. कित्येक देशांत नियम मोडल्याचे गुण परवान्यावर साचतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ झाले की सर्वसाधारणपणे परवाना जातो. परवाना गेला की श्रीमंतही पायी चालतो.

झेब्रा

याला माझा पूर्ण पाठिंबा. माझ्या भावाच्या वेळी एवढी जरी तरतूद असती!

वंगण

चला, आता मूळ प्रश्नाला हात घालतो आणि तोही चौथागियर यांच्याच टायरवरून. तुमचा किलोमीटरचा आकडाही ४ टक्के मागे पडतोय. या टायरवर मीटर लाखभर मोजेल तेव्हा तुम्ही १ लाख ४ हजार चालवलेले असतील. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह मेळात ठेवणारा पट्टा, कधी बदलला?

चौथागियर

८९ हजार झालेत. पुस्तकात ९० हजार लिहिलंय.

पाना१०

किलोमीटर की वर्षं, जे आधी संपेल ते! हेही पुस्तकात असतं, त्याच पानावर. तुमच्या गाडीला किती वर्षं झाली?

चौथागियर

अकरा.

पाना१०

मग आजच वेळ घ्या. रबर उभ्या गाडीतही जुनं होतं. बहुतेक आधुनिक इंजिनांत पट्टा तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. पट्ट्याच्या कामात जे वाचवाल त्याच्या कितीतरी पट व्हॉल्व्ह आणि हेडवर घालवाल. आणि तो सांगून तुटत नाही.

रात्रपाळी

बघा, माझं म्हणणं हेच आहे. इतकं सगळं लक्षात ठेवणारी माणसं किती? वंगण यांची वही एक आणि चौथागियर हजार. बहुतेकांच्या हातात जुनी गाडी धोक्याचीच. शिवाय अमेरिकेने गाडीची घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा २०१२च्या मॉडेलपासून नव्या कारना सक्तीची केली. तुमच्या तेरा वर्षांच्या गाडीत आहे का ती? ओल्या वळणावर तुमची वही कामाला येणार नाही.

वंगण

नाही, माझ्या गाडीत ईएससी नाही. या मुद्द्यावर उत्तर नाही माझ्याकडे. मुलगी चालवायला शिकतेय, तिला ही गाडी द्यावी का यावर घरात हाच विषय चालू आहे. पण ज्याला ईएससी हवी त्याने ती असलेली सात-आठ वर्षांची गाडी घ्यावी. दर पाच वर्षांनी विकण्याचं कारण त्यातून निघत नाही. आणि तुमची आजची गाडी तीन वर्षांची ना? बॅटरी तपासली का कधी?

रात्रपाळी

आज तपासली. १२.३. उद्या दाखवून आणतो. बाकी माझं मत आहे तिथेच आहे.

चौथागियर

काल बायकोला शेजारी बसवून मोजलं. काटा ५०वर, मोबाइल ५२. परत फिरून मोजलं, तेवढेच. दंड भरतोय. ५७साठी दंड असावा हे मला अजून पटलेलं नाही, पण काटा खोटा होता हे मान्य. जुन्या मापाचे टायर सांगितलेत. झेब्राताई, माझ्या रस्त्यावर शाळा आहे. त्या दिवशी सुट्टी होती, पण ते मी पावती आल्यावर आठवून काढलं, चालवताना मला ते माहीत नव्हतं.

पट्टा आज बदलला. मेकॅनिककडून जुना मागून घेतला. दात वर येतील असा उलटा वाकवला, तर प्रत्येक दोन दातांच्या मधे आडव्या चिरा. दोन ठिकाणी नख आत जातंय.