रविवारची ट्रिप: चोडण, पण भरतीचं टायमिंग बघून

बी-२०४ दादा: मंडळी रविवारचं काय ते फायनल करा, बसवाला सकाळपासून दोनदा फोन करालाय. कलंगुट की मिरामार?

ए-१०१ वहिनी: बीच दरवेळी होतंय की ओ. ह्यावेळी पोरांना गोव्यातल्या चोडण बेटावर नेऊया, सलीम अली पक्षी अभयारण्य. रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की आलंच.

बी-२०४ दादा: लहान आहे म्हणे ते?

ए-१०१ वहिनी: पावणेदोन चौरस किलोमीटरच आहे, पण सगळं खारफुटीचं जंगल, मधून खाड्या. आणि मांडवी म्हणजे आपली म्हादईच की, बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलातून निघालेली. वाटेत कणकुंबीत मलप्रभेचा उगम दाखवायचा, तिचं पाणी पूर्वेला कृष्णेला जातंय, आणि म्हादई घाट उतरून समुद्राला. दोन्ही नद्या आपल्याच तालुक्यातल्या, पोरांना एका दिवसात दाखवता येतंय.

सी-३०२ काका: जा पण टाईम बघून जा. मागच्या वर्षी आम्ही जेवूनबिवून दुपारी पोचलो, ओहोटी लागलेली, बोटवाला म्हणाला आता खाडीत पाणी नाही, बोट चिखलात रुतणार. नातू रडायलाच लागला, बोटीत बसायचं म्हणून रात्रभर झोपला नव्हता तो. लई वाईट वाटलं ओ.

ए-३०३ ताई: अय्यो! मग भरतीलाच जायचं का?

सी-३०२ काका: भरती पुरी व्हायच्या जरा आधी पोचायचं, बोट आतपर्यंत जाते. फिरून आलं की लगेच निघायचं नाही, पाणी उतरताना काठावर थांबायचं, खरं बघायचं तेव्हाच असतंय. चिखल उघडा पडला की बगळे, तुतवार खायला उतरतात. त्या दिवशी नातवाला तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या मुळांपाशी बसवलं, पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं असतात बघा, श्वास घ्यायची. तिथं एक निवटी, चिखलातला मासा तो, बोटाएवढी, डोळे डोक्यावर, कल्ल्याजवळच्या परांवर सरकत सरकत मुळावर चढली. बाजूला एक खेकडा, एकच नांगी अंगाएवढी मोठी, ती वर-खाली हलवालाय. पोरगं रडायचं विसरलं, अर्धा तास हललं नाही.

ए-१०१ वहिनी: काका हेच तर दाखवायचंय पोरांना!

बी-२०४ दादा: भरती किती वाजता असते पण?

सी-३०२ काका: रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं मागच्या रविवारचा टाईम चालत नाही. पणजीचं टायमिंग मोबाईलवर मिळतंय, आज रात्री बघून टाकतो, त्यावर बस किती वाजता सोडायची ते ठरवूया. चोर्ला घाटानं तीन-साडेतीन तास धराच. आणि स्पीकर घरीच ठेवा ओ, आवाजानं पक्षी उडून जातात. पाण्यात हात कुणी घालायचा नाही, त्या भागात मगरी आहेत.

ए-३०३ ताई: पहाटे निघायचं असलं तर पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं. दुर्बीण कुणाकडं आहे का?

बी-२०४ दादा: माझ्याकडं एक आहे, जुनी आहे पण चालते. बसवाल्याला चोडण म्हणून सांगालोय, काका टाईम टाका रात्री.