प्रति: तुकडेच वाटायचे तर क्वांटम कशाला?

क्वांटमने गुपित अनेकांत वाटण्याच्या पद्धतीवर एकाने विचारलंय की पासवर्ड अर्धा एकाला, अर्धा दुसऱ्याला दिला की झालं, क्वांटमचं खूळ कशाला. अहो पण अर्धा हातात आला की उरलेला शोधणं किती सोपं झालं! खरं वाटप असं हवं की एकट्याच्या तुकड्यावरून काहीच कळू नये, आणि ते संगणकशास्त्रज्ञ शमीरने १९७९ मध्येच साध्या गणिताने दाखवलंय, त्याला फोटॉन (प्रकाशाचे कण) लागत नाहीत. अडचण तुकडे पोचवताना मध्येच कुणी बघितलं तर, ही आहे, आणि क्वांटम लागतं ते तिथे.

१९९९ मध्ये हिलरी, बुझेक आणि बर्थियोम यांनी योजना मांडली: तीन गुंतलेले कण (म्हणजे मोजल्यावर ज्यांची उत्तरं एकमेकांशी जोडलेली असतात असे) घ्यायचे, तिघांकडे एकेक. प्रत्येकाने मनाला येईल तसं एक्स किंवा वाय दिशेत (मोजण्याच्या दोन पद्धती) मोजायचं, उत्तर +१ किंवा -१ येतं, आणि नंतर फक्त दिशा जाहीर करायची, उत्तर नाही. तिघांचं एक्स आलं, किंवा एक एक्स दोन वाय, तर तिन्ही उत्तरांचा गुणाकार ठरलेला असतो (पहिल्यात +१, दुसऱ्यात -१), म्हणजे दोघांनी उत्तरं जुळवली की तिसऱ्याचं (तेच गुपित) आपोआप कळतं, एकट्याला मात्र नाणेफेकच. बाकी निम्म्या फेऱ्या कचऱ्यात. कुणी नाक खुपसलं असेल तर काही फेऱ्या उघड करून तपासताना चुका दिसतात.

खरी डोकेदुखी म्हणजे आतलाच माणूस लबाड निघाला तर, त्याला बाकीच्यांच्या दिशा आधी कळल्या की तो सोयीची दिशा सांगून निसटू शकतो, म्हणून कोण आधी बोलणार हेही ठरवावं लागतं. आणि हे कण म्हणजे फोटॉन, ते वाटेत हरवतात हो, प्रत्येक फायबरमधून (प्रकाश नेणाऱ्या काचेच्या तारेतून) दहातला एक पोचला तर तिन्ही एकदम पोचणार हजारात एकदा.