मदत हवी आहे : शुक्रजंतू वाढावेत म्हणून नवरा दालचिनीचं तेल पोटात घेतोय

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो, दोघंही तिशीतले. बाळासाठी प्रयत्न करून वर्ष उलटलं, तेव्हा दोघांच्याही तपासण्या केल्या. माझे रिपोर्ट नॉर्मल आले. त्याच्या रिपोर्टमध्ये शुक्रजंतूंची संख्या मिलीलिटरला १ कोटी १० लाख आणि नीट पुढे सरकणारे २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आणि ३० टक्के आहे. डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगितली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. नवे शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला साधारण तेवढा वेळ लागतोच.

मधल्या काळात आतेसासूबाईंनी रविवार पेठेतून दालचिनीच्या अर्काचं तेल आणून दिलं. रोज सकाळी तो चमचाभर मधात दोन थेंब कालवून घेतो. जीभ चुरचुरते, मग पोटात आग पडते. बाटलीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलंय. ते मी त्याला दाखवलं, तर म्हणाला, ‘मसाल्यात खातोच की आपण.’ पण भाजीतला दालचिनीचा तुकडा आणि हा अर्क एकच कसा असेल?

मी बरंच वाचलं. शुक्रजंतूच्या आवरणातली चरबी ऑक्सिडेशनने लवकर खराब होते आणि काही वनस्पतींच्या तेलांत ते रोखणारे घटक असतात, हे पटतं. दालचिनीच्या तेलाने उंदरांमध्ये सुधारणा दिसली आहे. पण माणसांवरची धड चाचणी मला एकही सापडली नाही. उलट अमेरिकेत २०२० साली क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, झिंक, सेलेनियम वगैरे मोजून दिलेल्या गोळ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात तीन महिन्यांनी शुक्रजंतूंमध्ये फरक दिसला नाही. मग या थेंबांवर भरवसा कसा ठेवायचा?

झोप लागावी म्हणून तो लॅव्हेंडरचं तेलही छातीला चोळतो. लॅव्हेंडर आणि टी ट्री असलेली उत्पादनं वापरणाऱ्या लहान मुलग्यांमध्ये स्तनांची वाढ दिसल्याचं २००७ मध्ये नोंदवलं गेलं होतं. ही तेलं हार्मोनवर परिणाम करतात का, यावर वाद आहेत, पण शुक्रजंतूंचाच प्रश्न असताना हे कशाला अंगाला लावायचं, असं मला वाटतं.

रिपोर्ट आल्यापासून तो फार गप्प झालाय. ती बाटली म्हणजे त्याला स्वतःच्या हातात असलेली एकमेव गोष्ट वाटते, म्हणून मला ती हिसकावून घ्यायची नाहीये.

इथे कोणी डॉक्टर असतील तर सांगा, असं तेल पोटात गेल्याने पुढच्या रिपोर्टवर किंवा यकृतावर परिणाम होतो का? आणि व्हेरिकोसीलची (अंडकोशातल्या शिरा फुगण्याची) तपासणी अजून झालेलीच नाही, ती आत्ताच करून घ्यावी की दुसऱ्या रिपोर्टपर्यंत थांबावं? पुण्यात पुरुषांच्या वंध्यत्वाचंच काम करणारे, शांतपणे बोलणारे युरोलॉजिस्ट माहीत असतील तर नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कुणाच्या नवऱ्याने यातून गेल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलायची तयारी दाखवली, तर फारच बरं होईल. माझ्यापेक्षा त्यांचं तो ऐकेल.