कॉम्प्लिमेंट सिस्टिमवर पीएचडी: आयुष्य काढण्याएवढा विषय आहे का?

मिरजेची_मैना
नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रो झालंय, यंदा जेआरएफ (पीएचडीची सरकारी फेलोशिप) पण निघालं, आता लॅब शोधणं चालू आहे. एका ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेलीत, विषय आहे कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूंवर तुटून पडणारी प्रोटीनांची साखळी) आणि आजार. सर बरे वाटले, पण ज्याला सांगावं तो म्हणतो की अगं हे तर जुनं प्रकरण, पुस्तकात येऊन बसलंय, आता काय उरलंय त्यात, त्यापेक्षा टी सेल घे, कार टी घे, कॅन्सर घे. खरं सांगायचं तर आम्हीही एमएस्सीला त्यातल्या प्रोटीनांचा सी१, सी४, सी२, सी३ हा क्रम परीक्षेपुरता घोकला (तो ४ मध्येच का घुसतो तर म्हणे ज्या क्रमाने सापडले तसे नंबर दिले, कामाचा क्रम नंतर कळला) आणि पेपर झाल्यावर विसरलो. तर माझा प्रश्न असा की जो माणूस वीस-पंचवीस वर्षं फक्त कॉम्प्लिमेंटवरच काम करतो तो नेमकं करतो काय? आणि आपल्याकडे राहून असं काम करता येतं की शेवटी परदेश गाठावाच लागतो? जाणकारांनी जरा उजेड पाडावा. घरचे लग्नाचं बघतायत तो वेगळा धागा 😅

गणेशखिंड_रिटर्न्स
मैना, तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच आहे. एनसीसीएस माहीत असेलच, पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, विद्यापीठाच्या आवारातली. तिथे डॉ. अरविंद साहू यांनी कित्येक वर्षं कॉम्प्लिमेंटची लॅब चालवली. मी त्यांच्या लॅबचा नाही, शेजारच्या कॉरिडॉरमधला, त्यामुळे हे सगळं छापून आलेल्या पेपरांवरूनच सांगतोय.

त्यांची सुरुवात झाली सी३ पासून. टेक्ससमधल्या टायलरला पँगबर्न यांच्याकडे सी३ पृष्ठभागाला चिकटतो कसा यावर काम, मग फिलाडेल्फियाला लँब्रिस यांच्या लॅबमध्ये. तिथे फेज डिस्प्ले लायब्ररीतून, म्हणजे यादृच्छिक पेप्टाइडांच्या भल्या मोठ्या ढिगातून, सी३ ला चिकटेल असं एक शोधून काढलं आणि काटछाट करत १३ अमिनो आम्लांच्या छोट्या रिंगवर आणलं. साहू, के आणि लँब्रिस यांचा पेपर १९९६ चा. तेच कॉम्पस्टॅटिन. आता गंमत बघ, पुढे दुसऱ्या लोकांनी त्याच्यात बदल करत करत जे औषध बनवलं, पेगसेटाकोप्लॅन, त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०२१ मध्ये, पीएनएच या रक्ताच्या आजारासाठी. मध्ये २५ वर्षं गेली! सी३ वरच घाव घालणारं ते पहिलं मंजूर औषध, त्याआधीचं एक्युलिझुमॅब (२००७) साखळीत पुढे, सी५ ला अडवतं. तुला जुनं प्रकरण म्हणणाऱ्यांना हे सांग.

पण मला स्वतःला त्यांचं विषाणूंवरचं काम जास्त आवडतं. देवीच्या लशीतला वॅक्सिनिया विषाणू आपल्याच कॉम्प्लिमेंट आवरणाऱ्या प्रोटीनची नक्कल करणारं प्रोटीन बनवून बाहेर सोडतो, हे कोटवाल आणि मॉस यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे चोराने पोलिसाचाच युनिफॉर्म शिवून घेतलाय. साहू आणि सहकाऱ्यांनी त्याची कार्यपद्धती उकलली, की हे प्रोटीन सी३बी ला (सी३ चा कामाला लागलेला तुकडा) धरून ठेवतं आणि आपल्याच रक्तातल्या फॅक्टर आय कडून ते कापून घेतं. मग पुण्यात कपोसी सार्कोमाच्या (एक कॅन्सर) हर्पिस विषाणूतलं तसलंच प्रोटीन घेतलं, त्याला कपोसिका नाव दिलं, त्याच्या चार डोमेनपैकी कोणता डोमेन कशासाठी लागतो ते एकेक उडवून बघितलं. तर हे असं करतो तो माणूस, एक प्रोटीन, त्याचे तुकडे, कोण कुणाला कुठे धरतो. बाहेरून कंटाळवाणं वाटेल, पण औषधाची जागा अशीच सापडते ना.

तात्पर्य, बाहेर जाऊन शिकून परत येऊन इथे लॅब उभी करता येते. सोपं आहे असं मी म्हणत नाहीये.

डॉ_मूत्रपिंडे
वरच्या प्रतिसादाला +१. मी लहान मुलांची किडनी बघतो, त्यामुळे "आता काय उरलंय" हे वाचून हसू आलं.

आमच्याकडे मूल येतं, चेहरा सुजलेला, लघवी चहासारखी, दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा नाहीतर अंगावर पुळ्या. सी३ पाठवायचा, कमी येतो, आईबापांना सांगायचं घाबरू नका, साधारण आठेक आठवड्यांत नॉर्मलला येईल. बहुतेकांचा येतोही. ज्याचा येत नाही तिथून खरी डोकेदुखी सुरू, कारण मग सी३ ग्लोमेरुलोपथीचा (किडनीत सी३ साचून होणारा आजार) विचार करावा लागतो आणि बायोप्सी. ल्युपसवाल्या (शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार) मुलीत सी३ सी४ दोन्ही पडतात, तो पॅटर्न वेगळा. एका साध्या रक्तचाचणीत एवढं असतं.

आणि भारताचं म्हणून एक सांगतो. एचयुएस म्हणजे लाल पेशी फुटतात, प्लेटलेट पडतात, किडनी बंद पडते. पाश्चात्य पुस्तकांत जुलाबानंतरचा प्रकार भरभरून लिहिलेला असतो, पण दिल्लीच्या एम्समधून देशभरातल्या मुलांची जी आकडेवारी आली त्यात निम्म्याहून जास्त मुलांत फॅक्टर एच विरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. फॅक्टर एच म्हणजे कॉम्प्लिमेंटचा ब्रेक, आणि शरीर त्या ब्रेकच्याच मागे लागलेलं. यातल्या बहुतेक मुलांत फॅक्टर एच च्या शेजारचं एक जीन, सीएफएचआर१, गायब असतं. पण ते जीन नसलेली धडधाकट माणसंही भरपूर आहेत, मग याच मुलांना का? आणि आपल्याकडेच एवढं प्रमाण का? घ्या, झाला की पीएचडीचा विषय.

उपचार म्हणाल तर प्लाझ्मा एक्स्चेंज आणि स्टिरॉइड वगैरे, लवकर सुरू केलं तर पोरं छान सावरतात. एक्युलिझुमॅबची किंमत अमेरिकेत वर्षाला चार लाख डॉलरच्या घरात होती, आमच्या वॉर्डात त्याचं नाव काढून काय करणार. म्हणून अँटिबॉडीची टेस्ट इथेच, स्वस्तात आणि लवकर होणं याची किंमत आम्हाला विचारा.

मेंढीचं_रक्त
आयडीवरून ओळखलंच असेल 😄 याच विषयात पीएचडी चालू आहे, रोजचं काय असतं ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितेय.

मेंढीच्या लाल पेशी धुवायच्या, वरचं पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत, त्यांना अँटिबॉडी लावायची, मग माणसाचं सीरम वेगवेगळ्या पातळीला पातळ करून घालायचं, ३७ अंशाला ठेवायचं, फिरवायचं आणि वरच्या द्रवात किती लाली उतरली ते मोजायचं. पेशी फुटल्या म्हणजे कॉम्प्लिमेंट जिवंत आहे. नुसता अल्टरनेटिव्ह पाथवे (अँटिबॉडीशिवाय कॉम्प्लिमेंट सुरू होण्याचा रस्ता) बघायचा तर सशाच्या पेशी, आणि बफरमध्ये मॅग्नेशियम ठेवून कॅल्शियम बांधून टाकायचं. हे ऐकायला सोपं आहे पण सीरम बर्फावरून उतरवून कुणाशी गप्पा मारत बसलं की संपलं, दोन-तीनदा गोठवून वितळवलं तरी जोर जातो, ५६ अंशाला अर्धा तास ठेवलं तर मेलंच, कॉम्प्लिमेंटवर सुरुवातीला काम करणाऱ्या बोर्देच्या काळापासून तेच. जुन्या पद्धतीच्या व्हेरोनल बफरमध्ये बार्बिटोन (झोपेचं, नियंत्रणाखालचं औषध) असतं त्यामुळे तो मागवायचा म्हटलं की कागदपत्रांचा वेगळा व्याप. मेंढीचं रक्त वेळेवर येईल का हे टेन्शन मला थिसिसपेक्षा जास्त असतं, खोटं नाही सांगत.

आणखी एक, उंदीर प्रत्येक वेळी कामी येत नाही. कॉम्पस्टॅटिन माणसाच्या आणि माकडांच्या सी३ ला धरतं, उंदराच्या नाही. म्हणजे नेहमीचा उंदीर घेऊन पटकन पेपर काढू असं नाही जमत, काम लांबतं. गाईड हे मान्य करणारा हवा.

स्पष्टवक्ता_नाशिककर
सगळे गुलाबी चित्र रंगवतायत म्हणून थोडं पाणी ओततो. २००५ मध्ये म्हातारपणी होणाऱ्या मॅक्युलर डिजनरेशनशी (नजर जाणारा डोळ्याचा आजार) फॅक्टर एच च्या जीनचा संबंध सापडला, एकाच वर्षी चार गटांनी दाखवला, सगळ्यांना वाटलं झालं आता औषध येणार. लँपालिझुमॅब नावाचं फॅक्टर डी हे कॉम्प्लिमेंटमधलंच प्रोटीन अडवणारं औषध २०१७ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत आपटलं. पेगसेटाकोप्लॅनचं डोळ्यातलं इंजेक्शन २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं खरं, पण त्याने डाग वाढण्याचा वेग कमी होतो, गेलेली नजर परत येत नाही, आणि युरोपच्या नियामकांनी २०२४ मध्ये त्याला नकारच दिला. जीन सापडणं आणि पेशंटला फायदा होणं यात मोठी दरी आहे.

आणि या विषयात बरोबर असूनही माणूस हरतो. पिलेमर यांनी १९५४ मध्ये प्रॉपर्डिन नावाचं प्रोटीन मांडलं, अँटिबॉडीशिवायही कॉम्प्लिमेंट सुरू होतं म्हणाले, लोकांनी झोडपलं, १९५७ मध्ये ते गेले. पुढे अल्टरनेटिव्ह पाथवे सगळ्यांनी मान्य केला पण ते बघायला ते नव्हते. फेलोशिपवर (सुरुवातीला जेआरएफचे ३७ हजार आणि वर घरभाडं) पाच-सहा वर्षं काढायची आहेत, हिशोब करून उतर.

मिरजेची_मैना
बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. नाशिककर दादा, हिशोब केलाय, पुण्यात तिघी मिळून फ्लॅट घेतला तर भागेल असं दिसतंय. डॉक्टर, ते फॅक्टर एच चं डोक्यातून जाईना, कालपासून तेच वाचत बसलेय. शनिवारी परत सरांना भेटायचंय, काय विचारू?

मेंढीचं_रक्त
सी३ स्वतः प्लाझ्मातून शुद्ध करतात की विकत आणतात ते विचार. स्वतः करत असतील तर कॉलम (प्रोटीन वेगळं करायची नळी) कोण चालवतं, शेवटची बॅच कधीची, ती किती टिकली, हे त्या मुलांकडून काढून घे, सरांकडून नको. विकतचं सी३ परवडत नाही आणि ग्रँट लांबली की सगळ्यात आधी तेच संपतं. पेशंटचे नमुने हवे असतील तर कुठल्या हॉस्पिटलशी करार आहे आणि एथिक्सची परवानगी हातात आहे की "येईलच"? हे पण विचार. आणि जमलं तर एक दिवस नुसती बसून हिमोलिसिस (ते लाल पेशी फोडणं) बघ, नाक मुरडलं नाहीस तर ये.

डॉ_मूत्रपिंडे
नमुन्यांचं अडलं तर इथे मेसेज टाक, आमच्याकडे मुलं येतच असतात.