ऑटो सरफेस मारून दिलेली फाइल म्हणजे डिझाइन का?

शिरोलीकर: जुन्या मशीनचा पार्ट आणायचा, थ्रीडी स्कॅनरने फिरवून घ्यायचा, ऑटो सरफेसचं (स्कॅनवर आपोआप पृष्ठभाग चढवणारं) बटण दाबायचं आणि स्टेप फाइल (कॅडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) गिऱ्हाइकाच्या माथी मारायची. हा धंदा सध्या जोरात आहे आणि मला तो पटत नाही. स्कॅनर लाखो बिंदू देतो, त्यांचे त्रिकोण जोडून मेश होते. पण ती आजच्या पार्टची, झिजलेल्या, वाकलेल्या. बेअरिंगचं हाउसिंग (ते बसतं ती जागा) ५२.०८ मिमी आलं तर फाइलमध्ये ५२.०८च उतरणार. डिझायनर आधी विचारतो, आत बेअरिंग कुठलं? ६२०५ असेल तर बाहेरचा व्यास ५२. मग बोअर (भोक) ५२ एच७, म्हणजे ५२ वर ० ते +०.०३० मिमी एवढीच सूट. ही अक्कल मेशमध्ये कुठून येणार? ऑटो सरफेसवर धड एक माप बदलून दाखवा.

पंपवाला: बोअरचं ठीक आहे हो. इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) पात्याला कुठला व्यास लावता? तिथे स्केच काढत बसलात तर मूळ वळण हमखास हुकतं. पातं स्कॅनवरूनच घ्यावं, बोअर आणि की-वे (चावीची खाच) हाताने मापून मशीनवर करावेत. गिऱ्हाइकाला पंप चालू हवाय, तुमचा फीचर ट्री (मॉडेल कसं बांधलं त्याची यादी) नकोय.

पॅटर्नमेकर_कोल्हापूर: क्लोज्ड (दोन्ही बाजूंनी झाकलेला) इम्पेलर असेल तर पात्यांच्या आतलं स्कॅनरला दिसतच नाही, ते सांगा आधी. भंगारातला एक कापावा लागतो. शिवाय कास्टिंग थंड होताना आधीच आकसलेलं असतं, म्हणजे त्याचा पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) तेवढा मोठा हवा. बिडाला साधारण १%, म्हणजे ३०० मिमीला ३ मिमी.

पंपवाला: मेश १.०१ ने स्केल केली की झालं!

पॅटर्नमेकर_कोल्हापूर: आणि मशीनिंग झालेल्या फेसवर जो स्टॉक (मशीनवर काढायचं जास्तीचं मटेरियल) वाढवायचा तो? सगळीकडून स्केल केल्याने तो येत नाही. तो फेस वेगळा धरून बाहेर ओढावा लागतो, आणि नुसत्या त्रिकोणांवर हे करणं म्हणजे डोकेदुखी.

गिअरवाली: शिरोलीकर, 'गोल आकडा म्हणजे मूळ डिझाइन' हे तुमचं गृहीतकही धोक्याचं आहे. ५० दाते, बाहेरचा व्यास १०४, भागिले ५२ (दाते अधिक २), मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २. साध्या गिअरला हे जमतं. करेक्शन दिलेला (दात्यांचा आकार मुद्दाम सरकवलेला) गिअर असेल तर बाहेरचा व्यास वाढलेला किंवा कमी झालेला असू शकतो, आणि तो 'झीज नाहीतर चूक' म्हणून गोल केलात की जोडीचा गिअर नीट बसणार नाही. मॉडेल नव्याने बांधाच, पण ते स्कॅनवर ठेवून कलर मॅप (दोन्हींतला फरक रंगांत दाखवणारं चित्र) काढा. फरक कुठे आहे, तो झिजेमुळे की मुद्दाम ठेवलेला, हे लेखी द्या.

शिरोलीकर: मान्य. पात्यांपुरतं पंपवाल्यांचंही मान्य. फक्त ऑटो सरफेसला 'कॅड मॉडेल' म्हणून बिल लावू नका. दोन कामांचे दोन दर ठेवा.

पंपवाला: दोन दर सांगितले की गिऱ्हाईक स्वस्तातलंच घेतं. कलर मॅप आजवर मला एकानेही मागितलेला नाही.

गिअरवाली: मग न मागता द्या. पार्ट बसला नाही की फोन तुम्हालाच येतो ना?